पाण्याच्या बिलात १५ डॉलर 'बे रिस्टोरेशन फी': हे नक्की काय प्रकरण आहे?

सान्वीची_आई

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही न्यू जर्सीहून मेरीलँडला, हॉवर्ड काउंटीत राहायला आलो. इथे पाण्याचं बिल तीन महिन्यांनी येतं आणि त्यात दर वेळी १५ डॉलर 'बे रिस्टोरेशन फी' लावलेली असते. ऑफिसातले लोक तिला 'फ्लश टॅक्स' म्हणतात आणि हसतात. नवरा म्हणतो, भर आणि सोड. पण माझा जीव पैशात अडकतो. पैसे जायचे ते जाऊ देत, कुठे जातात ते तरी कळू दे.

दुसरं म्हणजे घरामागे एक ओढा आहे. गुडघाभर पाणी, तळाचे गोटे दिसतात, उन्हाळ्यात मुलं त्यात खेळतात. मागे आमच्या एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाच्या) मीटिंगला काउंटीचा एक माणूस आला होता. त्याने नकाशा दाखवला, त्यात आमचा ओढा लाल रंगात. म्हणे 'इम्पेअर्ड' आहे. अर्धा तास तो 'टीएमडीएल, टीएमडीएल' करत होता, सगळे माना डोलवत होते, मीही डोलवली. शेवटी बजावून गेला की १५ नोव्हेंबर ते १ मार्च लॉनला खत घालायचं नाही, कायदा आहे.

मी मूळची इचलकरंजीची. पंचगंगेचं काळं पाणी आणि त्यावरचं केंदाळ बघत मोठी झाले. ह्या नितळ ओढ्याला बिघडलेला म्हणायचं, तर आमच्या नदीसाठी ह्यांच्याकडे रंग तरी शिल्लक आहे का?

कुणी साध्या मराठीत सांगेल का?

---

ओव्हरफ्लो

मी सांडपाणी प्रकल्पात नोकरी करतो, तीही पटक्सेंट नदीच्या खोऱ्यात. म्हणजे तुमचे पंधरा डॉलर माझ्या डोळ्यांदेखत खर्च होतात. तेव्हा उत्तर देणं भागच आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी ओढा. पाणी नितळ दिसतं ते ऊन पडलेल्या शनिवारी. जुलैत एखादा गडगडाटी पाऊस कोसळून गेला की अर्ध्या तासाने जाऊन बघा (मुलांना घरी ठेवून). छपरं, ड्राइव्हवे, पार्किंग लॉट ह्यांवरचं सगळं पाणी एकदम ओढ्यात घुसतं आणि काठ खरवडून नेतं. ती माती गोट्यांच्या फटींत जाऊन बसते आणि तिथे राहणारे किडे गुदमरतात. मेरीलँडमध्ये ओढ्याची तब्येत बऱ्याच अंशी ह्या किड्यांवरून ठरवतात. तुम्हीही करून पाहा: पाण्यातला एक गोटा उचलून उलटा करा. खालच्या बाजूला चपट्या अंगाचा, बहुधा तीन शेपट्यांचा, तिरका सरकत पळणारा किडा दिसला तर ते मेफ्लायचं पिल्लू. ते नाजूक, बिघडलेल्या पाण्यात तग धरत नाही. एकही नाही आणि नुसत्या लाल अळ्या वळवळताना दिसल्या, तर नकाशातला लाल रंग कुठून आला ते कळेल.

आता टीएमडीएल, म्हणजे 'टोटल मॅक्झिमम डेली लोड'. १९७२ चा क्लीन वॉटर ॲक्ट, त्यातलं कलम ३०३(डी). प्रत्येक राज्याने दर दोन वर्षांनी यादी करायची, की आमचे कोणते ओढे, नद्या, तळी ठरलेल्या वापराच्या लायकीची राहिली नाहीत. पोहणं, मासे, पिण्याचं पाणी, जो काही वापर ठरला असेल तो. मग यादीतल्या एकेका पाण्यासाठी एकेका घाणीचा आकडा काढायचा: ह्यात रोज जास्तीत जास्त एवढं पडलं तरी पाणी पुन्हा ठीक राहील, ह्याच्या वर नाही. त्या आकड्याची वाटणी करायची. पाइपाने सोडणाऱ्यांचा हिस्सा, शेत-रस्ते-जंगल अशा जमिनीवरून वाहून येणाऱ्याचा हिस्सा, आणि आपल्या हिशोबात चूक असेल म्हणून थोडं राखून ठेवायचं.

कायदा १९७२ चा खरा, पण पहिली पंधरा-वीस वर्षं ह्या कलमाकडे फारसं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाइपाला परवाना दिला की काम झालं, असा कारभार. नद्यांसाठी झटणाऱ्या संस्थांनी राज्याराज्यांत खटले भरले, तेव्हा कुठे आकडे निघायला लागले.

परवाना आणि टीएमडीएल ह्यांत फरक काय? समजा एक प्रकल्प दिवसाला २ कोटी लिटर पाणी सोडतो आणि दर लिटरमागे ८ मिलिग्रॅम नायट्रोजन चालतो. म्हणजे रोज १६० किलो. गाव वाढलं, पाणी ४ कोटी लिटर झालं. लिटरमागे ८ च आहे, नियम कुठेही मोडलेला नाही, रिपोर्ट स्वच्छ. नदीत मात्र आता ३२० किलो पडतंय. टीएमडीएल किलोत बोलतं. तुझ्या वाट्याला १६० आले, गाव वाढवायचं तर वाढव, पण लिटरमागे ४ वर ये. बिल्डरांना हे का आवडत नाही ते वेगळं सांगायला नको.

ह्या सगळ्या नद्यांचं पाणी शेवटी जातं चेसापीक उपसागरात. तुमच्या बिलातला 'बे' तो हाच. त्याचं पाणलोट क्षेत्र ६४,००० चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. सहा राज्यं आणि वॉशिंग्टन शहर. उपसागर मात्र उथळ, सरासरी खोली जेमतेम २१ फूट. वरून एवढी जमीन धुऊन येते आणि खाली एवढंसं पाणी. नायट्रोजन-फॉस्फरस आला की शेवाळ माजतं, मरून तळाला जातं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. उन्हाळ्यात खोल भागात खेकडेसुद्धा टिकू शकत नाहीत.

राज्यांनी आपापसात करार करून पाहिले, मुदती हुकल्या. शेवटी २९ डिसेंबर २०१० ला केंद्राच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) अख्ख्या उपसागरासाठी एकच टीएमडीएल लावलं. वर्षाला नायट्रोजन १८ कोटी ५९ लाख पौंड, फॉस्फरस १ कोटी २५ लाख पौंड, गाळ ६४५ कोटी पौंड. ह्याच्या वर नाही. म्हणजे नायट्रोजनमध्ये २५ टक्के, फॉस्फरसमध्ये २४ आणि गाळात २० टक्के कपात. उपसागराचे ९२ तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशोब वेगळा मांडला आहे.

तुमची फी त्याच्याही आधीची, २००४ ची. तेव्हा महिन्याला अडीच डॉलर होती, २०१२ मध्ये पाच झाली. त्यातून राज्यातल्या ६७ मोठ्या सांडपाणी प्रकल्पांना सुधारणेचे पैसे मिळाले. लक्ष्य होतं लिटरमागे ३ मिलिग्रॅम नायट्रोजन. साध्या जुन्या पद्धतीत १८-२० असायचा, म्हणजे किती खाली आलो बघा.

३ वर आणणं सोपं नाही. टाक्यांची रचना बदलली की ८ पर्यंत जिवाणू सांडपाण्यातल्याच खाण्यावर नेतात, पुढचं काम त्यांच्याकडून करवून घ्यावं लागतं. शेवटच्या टाकीत हवा बंद करतो आणि मिथेनॉल सोडतो. जिवाणूंना खाणं मिळतं पण ऑक्सिजन नाही, मग ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. टाकीच्या कडेला उभं राहिलं तर बारीक बुडबुडे सतत वर येताना दिसतात. तुमचे पंधरा डॉलर म्हणजे ते बुडबुडे. फेब्रुवारीत पाणी थंड पडलं की आधीच्या टाकीतले, अमोनियावर काम करणारे जिवाणू सुस्तावतात, आणि मग रात्रपाळीचा माणूस आकड्याकडे बघत बसतो.

लॉनचंही तेच. थंडीत गवत झोपलेलं असतं, खत घेत नाही. टाकलेलं सगळं पावसाबरोबर ओढ्यात. मेरीलँडचा हा कायदा २०११ चा, २०१३ पासून लागू. फॉस्फरस तर मातीच्या तपासणीत कमतरता दिसली किंवा लॉन नव्याने लावलं तरच घालायचा. मोठा पाऊस सांगितला असेल तेव्हाही खत नाही.

एक वेगळीच गोष्ट सांगून थांबतो. आमच्या पटक्सेंटवर बर्नी फाउलर नावाचे स्टेट सिनेटर होते. लहानपणी छातीभर पाण्यात उभं राहून स्वतःचे पाय दिसायचे, असं सांगायचे. सिनेटर होण्याआधी काउंटी कमिशनर असताना, सत्तरच्या दशकात, नदीच्या खालच्या अंगाच्या काउंट्यांनी मिळून खटला भरला, कारण घाण वरच्या काउंट्यांतून येत होती. त्या भांडणातून १९८१ मध्ये सगळे एका टेबलाशी बसले आणि पटक्सेंटसाठी नायट्रोजन कमी करायचं ठरलं. १९८८ पासून दर जूनमध्ये हे गृहस्थ पांढरे बूट घालून, लोकांचे हात धरून नदीत उतरायचे. बूट दिसेनासे झाले की थांबायचं, बाहेर यायचं आणि ओल्या कपड्यावर फूटपट्टी लावायची. २०२१ मध्ये ते गेले. मी एकदा त्यांच्याबरोबर उतरलो होतो. पाणी मांडीपर्यंतही आलं नाही तोच बूट गायब. माझं यंत्र चार दशांश स्थळांपर्यंत आकडा देतं, पण सभेत लोकांना पटवायचं असेल तेव्हा मी हे बूटच सांगतो.

---

लँकेस्टरकर

ओव्हरफ्लो, छान लिहिलंय. पण तुम्ही पाइपवाले, म्हणून पाइपाचंच सांगितलंत. :) जमिनीच्या हिश्शाचं मी सांगतो.

मी पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीत. ऑफिसच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी अमिश लोकांची शेतं, घोडागाड्या, दुभती जनावरं. वसंत ऋतू आला की पातळ शेणखत शेतावर मारतात, तेव्हा गाडीच्या काचा वर करून जावं लागतं. आमची सस्क्वेहाना नदी उपसागराला जवळजवळ निम्मं गोडं पाणी पुरवते. आणि त्या पाण्याबरोबर हे शेणखतही.

आता मेख अशी. पाइपाला परवाना लागतो, मर्यादा मोडली तर दंड. शेतातून वाहणाऱ्या पाण्याला केंद्राच्या कायद्याखाली परवाना नाही (खूप मोठे गोठे सोडले तर). टीएमडीएलमध्ये शेतीच्या वाट्याला आकडा येतो, पण तो पाळायला लावणार कसा? समजावून आणि पैसे देऊन. ओढ्याला कुंपण घाला म्हणजे गायी पाण्यात उतरणार नाहीत, काठाला झाडांचा पट्टा सोडा, हिवाळ्यात रान उघडं न टाकता राय किंवा गहू पेरून ठेवा. खर्चातला वाटा सरकार उचलतं. शेजारच्या शेतकऱ्याने कुंपण घातलं, पण मला म्हणाला की काठाची पस्तीस फूट जमीन सोडायची म्हणजे माझ्या पोराचा वाटा सोडायचा. त्याला काय उत्तर देणार?

आणि वाटणी म्हटली की भाऊबंदकी आलीच. शेतकऱ्यांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने, फार्म ब्युरोने, ईपीएवर दावा लावला की आकडा ठरवा, पण वाटणी ठरवणारे तुम्ही कोण? २१ राज्यांनी फार्म ब्युरोची बाजू उचलून धरली, त्यातल्या बहुतेकांचा चेसापीकशी काडीचाही संबंध नाही. उद्या मिसिसिपीवर असंच झालं तर काय, ही भीती. अपील कोर्टाने २०१५ मध्ये ईपीएच्या बाजूने निकाल दिला, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मग २०२० मध्ये मेरीलँड, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि वॉशिंग्टन शहर उलटे ईपीएवर धावून गेले, की पेनसिल्व्हेनिया मागे पडलंय आणि तुम्ही गप्प बसलाय. ते २०२३ मध्ये तडजोडीने मिटलं. म्हणजे एका बाजूचं म्हणणं फार करता, दुसऱ्या बाजूचं म्हणणं काहीच करत नाही.

---

शंकासुर

सगळं ठीक. पण मुदत २०२५ ची होती ना? २०२५ उलटलं. झाला का उपसागर स्वच्छ? की नुसतंच बिल?

---

ओव्हरफ्लो

@शंकासुर, नाही झाला. सरळ सांगतो.

मुदत 'उपसागर स्वच्छ' ह्याची नव्हती, लागणारी सगळी कामं करून ठेवायची होती. तीही पुरी झाली नाहीत. पण कुणाची राहिली ते बघा. सगळ्या राज्यांतले सांडपाणी प्रकल्प मिळून २०२५ चं लक्ष्य २०१६ लाच गाठून बसले. जिथे मर्यादा परवान्यात लिहिली होती आणि पैसा ठरलेला होता, तिथे काम झालं. जिथे विनवण्यांवर भिस्त होती तिथे रखडलं. शेती आणि शहरातलं पावसाचं पाणी, ही दोन खाती मागे.

शिवाय जमीन उशिरा पैसे फेडते. आज शेतकऱ्याने खत कमी केलं तरी आधीच मुरलेलं नायट्रेट भूजलातून ओढ्यात यायला काही ठिकाणी दहा-वीस वर्षंही लागतात. आणि सस्क्वेहानावर १९२८ चं कोनोविंगो धरण आहे. इतकी वर्षं ते गाळ अडवत होतं, आता जवळपास भरलंय, त्यामुळे जो गाळ आपण हिशोबात अडलेला धरला होता तो खाली येतोय.

पण काहीच नाही असंही नाही. पाण्याखालचं गवत, ज्यात खेकड्यांची पिल्लं लपतात, ते २०१७ मध्ये मोजणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा १ लाख एकरांच्या वर गेलं. दोन वर्षांनी अतिपावसाने पुन्हा घसरलं, तेही खरं. खोऱ्यातली लोकसंख्या ह्या काळात वाढतच गेली. काही केलं नसतं तर काय झालं असतं, त्याचा फोटो नसतो, म्हणून तुमचा प्रश्न नेहमी जिंकतो.

---

बरगे_काढा

सान्वीची आई, तुम्ही आमच्याकडच्या म्हणून लिहितो. मी शिरोळ तालुक्यातला, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. पोरांना घेऊन तेरवाडच्या बंधाऱ्यावर पाण्याचे नमुने घ्यायला जायचो.

उन्हाळ्यात आमची पंचगंगा नदी नसतीच. बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की एकापुढं एक डबकी. वरनं राधानगरीतनं जेवढं सोडतील तेवढंच नवं पाणी. मधल्या टप्प्यात कोल्हापूर, इचलकरंजी आणि काठची गावं आपापलं सोडत असतात. डबक्यात ते साठतं, आणि मग कधी बरगे काढले की साठलेलं सगळं एकदम खालच्या डबक्यात. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. नाकानं कळायच्या आधी डोळ्यांनी कळतं. सकाळी लवकर जास्त, कारण रात्रभर केंदाळाखाली ऑक्सिजन तयार झालेला नसतोय. एकदा पोरांनी बाटलीत नमुना धरला, विंकलरच्या पद्धतीनं औषधं घातली, तर तपकिरी साका यायच्या ऐवजी पांढराच आला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन शून्य. पोरं एकमेकांकडं बघत बसली.

आता ओव्हरफ्लोंचं गणित आमच्या नदीला लावतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील त्याचं माप, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. आंघोळीच्या पाण्याला तो ३ च्या आत पाहिजे. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं महानगरं सोडून इतर ठिकाणच्या एसटीपीतनं (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातनं) बाहेर पडणाऱ्या पाण्याला बीओडी ३० चालतो. वरनं येणारं पाणी चांगलं, २ बीओडीचं धरा. एक लिटर ३० वालं मिसळून नदी ३ वर ठेवायची तर वरचं पाणी किती पाहिजे? २७ लिटर. मेच्या महिन्यात २७ पट पाणी कुठनं आणणार? राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये मर्यादा १० वर आणा म्हणून सांगितलं. १० धरलं तर सातपट पुरतं. म्हणजे कागदावर एसटीपी अगदी नियमात चालली तरी नदी मरू शकते, आणि हे तर जेवढं एसटीपीपर्यंत पोचतं त्याचंच झालं.

यादी आपल्याकडंही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे प्रदूषित पट्टे काढतं, २०१८ मध्ये देशात ३५१, त्यातले महाराष्ट्रात ५३. २०२२ मध्ये देशात ३११ वर आले, महाराष्ट्रात ५५ झाले. बीओडीवरनं पाच वर्गही पाडलेत. म्हणजे तुमच्या ३०३(डी)चं पहिलं पाऊल झालं. दुसरं नाही: ह्या पट्ट्यात रोज एकूण किती किलो चालेल आणि त्यातलं कुणी किती घ्यायचं.

आणि हे सुचलं नव्हतं असंही नाही. १९७४ चा आपला जल कायदा काढून बघा, कलम १७(१)(के). राज्य मंडळानं एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मानकं ठरवायची, ती त्या प्रवाहात कोरड्या दिवसांत कमीत कमी किती पाणी असतं आणि तो किती घाण सोसू शकतो हे बघून. अमेरिकेचा कायदा झाल्यावर दोनच वर्षांनी आपण हे लिहून ठेवलंय! मी दरवर्षी पहिल्या तासाला हे कलम फळ्यावर लिहायचो. एक पोरगा म्हणाला, सर, मग पंचगंगेचा आकडा किती? मी म्हटलं, तो काढायलाच तुम्ही शिका.

---

ओव्हरफ्लो

@बरगे_काढा, हे कलम मला माहीत नव्हतं, आणि आम्ही परवाना ठरवताना नेमकं तेच करतो. दहा वर्षांतून एकदा येणारा सगळ्यात कोरडा आठवडा धरतात, त्या आठवड्यात नदीत सरासरी जेवढं पाणी असेल तेवढ्यावर हिशोब. पंचगंगेचा तसा आठवडा धरला तर वरचं पाणी शून्याजवळ जाईल, म्हणजे एसटीपीतून सुटणारं पाणीच आंघोळीच्या मापाचं लागेल. नाहीतर ते नदीत न सोडता उसाला किंवा कारखान्यांना द्यायचं. दुसरा रस्ता स्वस्त पडेल असं माझा धंदा मला सांगतो. फक्त एक बघा, कापड कारखान्यांतलं, सायझिंग-प्रोसेसिंगचं क्षारांचं पाणी त्यात मिसळलं असेल तर उसाच्या रानाची वाट लागेल. ते आधी वेगळं काढावं लागेल.

---

सान्वीची_आई

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! १७(१)(के) बाबांना पाठवलं. ते म्हणाले, सरांचा नंबर मिळेल का. सर, व्यनि करते.

काल सान्वीबरोबर ओढ्यावर जाऊन गोटे उलटे केले. बऱ्याच गोट्यांखाली काहीच नाही, थोड्यांखाली अळ्या, आणि एका ठिकाणी तीन शेपट्यांचा एकच सापडला. सान्वीने त्याचं नाव बर्नी ठेवलंय. नवऱ्याला बुडबुड्यांचं सांगितलं, तो म्हणतो फी मान्य, पण लॉनला आता खत घालायचं की नाही?

आणि एक प्रश्न. आमच्या ओळखीचे एक जण लांब, गावाबाहेर राहतात, त्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे. पाण्याचं बिलच येत नाही. मग ते सुटले का?

---

ओव्हरफ्लो

सुटले नाहीत, त्यांच्याकडूनही वर्षाला ६० डॉलरच घेतात. बहुतेक ठिकाणी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात येतात. त्या पैशातले ६० टक्के जुन्या सेप्टिक टँकना नायट्रोजन काढणारी यंत्रणा बसवायला जातात आणि ४० टक्के शेतकऱ्यांना हिवाळी आच्छादन पिकासाठी. त्यांचा टँक जुना असेल तर काउंटीच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करायला सांगा, अनुदान मिळू शकतं. खाडीकाठच्या घरांना आधी देतात.

खताचं: आधी मातीची तपासणी. बहुतेक वेळा फॉस्फरस लागतच नाही असं येतं. कापलेलं गवत पिशवीत भरून टाकू नका, तिथेच पडू द्या, बराचसा नायट्रोजन त्यातूनच परत मिळतो. तरी घालायचंच असेल तर सप्टेंबरमध्ये घाला, एका वेळी १,००० चौरस फुटांना ०.९ पौंड नायट्रोजनच्या वर नाही, आणि ड्राइव्हवेवर सांडलेले दाणे झाडूने गोळा करून परत लॉनवर टाका. पाण्याने धुऊ नका, ते थेट बर्नीकडे जातात.